दोन बोटं जास्त

३ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

वहिनी म्हणतात, पत्रं कसली लिहिता, सरळ फोन करा. पण फोनवर तुला अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू आपल्या मनाने भरतोस. मागे मी नुसतं पडसं झालंय म्हणाले, तर दोन दिवसांत तू औषधांचं पार्सल पाठवलंस, आणि तीही गुडघेदुखीची. तेव्हा आपलं कागदावरच बरं. कागदावर लिहिलेलं माप शिंप्याच्या हातून चुकत नाही, असं तूच गिऱ्हाइकांना सांगत असतोस.

बातमी अशी की आमच्या ग्रंथालयाचा बांधणी विभाग १ डिसेंबरपासून नदीपलीकडच्या नव्या इमारतीत जातोय. पुस्तकं दाबायचं यंत्र, कागद कापायचं मोठं पातं, खळीचं पातेलं, सगळं टेम्पोतून गेलंसुद्धा. आता मी आणि माझी शिवायची सुई एवढ्या दोघीच मागे राहिलोय. घरापासून ती जागा साडेपाच किलोमीटर. दोन बस बदलाव्या लागतात, आणि त्यातली दुसरी तिच्या मनात आलं तर येते. आठवडाभर जाऊन पाहिलं, चार दिवस उशीर झाला.

साहेबांनी आम्हा सगळ्यांना एक कागद दिलाय. त्यावर दोन चौकोन आहेत. एक, नव्या जागी वेळेवर हजर राहीन. दुसरा, मुदतीआधी निवृत्ती घेते. एकात खूण करून तीस तारखेपर्यंत द्यायचाय. मला बावन्न पूर्ण झाली, अजून सहा वर्षांची नोकरी आहे, आणि मला ती हवी आहे.

म्हणून मी सायकल घ्यायची ठरवलीय. हसू नकोस. अण्णांच्या सायकलीवर नळीखालून पाय घालून मी शिकले होते, आणि मागे सीट धरून तू पळत होतास. इथल्या दुकानात एक तर पोरांच्या सायकली आहेत, नाहीतर दूधवाल्याच्या. तुझ्या दुकानासमोरचा सायकलवाला तर पँटी तुझ्याकडूनच शिवून घेतो. त्याच्या किमतींच्या कागदावरून मला तीन दिसतात. जुनी, रंग मारलेली, पाव पगाराची. मधली, हलकी, एका पगाराची. आणि गिअरवाली, जिची किंमत वाचून मी चष्मा पुसला, दोन पगारांची. यातली किती किमतीची घ्यावी, ते तू सांग. घरातल्या प्रत्येक खरेदीत तुझा सल्ला घेतलाय, यावेळी चुकवला तर मला झोप यायची नाही.

वहिनींना नमस्कार. लोभ आहेच, उत्तराची मात्र घाई आहे.

तुझी,
टाचणी

७ नोव्हेंबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. वाचून आधी हसलो आणि मग काळजीत पडलो. तू शेवटची सायकल चालवलीस त्याला तीस वर्षं होऊन गेली. तेव्हा रस्त्यावर इतकी वाहनं नव्हती आणि तुझी हाडंही नवी होती.

तरी तू विचारलंस म्हणून सांगतो. पाव पगाराची घे. चार-सहा महिन्यांसाठी त्याहून जास्त घालणं म्हणजे पैसे पाण्यात. तीन दिवसांत सीट टोचायला लागेल, आठवड्यात पुलाचा चढ दम काढील, आणि मग ती जिन्याखाली जाऊन बसेल. स्वस्त वस्तू जिन्याखाली गेली तर जिवाला लागत नाही.

दुसरं सांगायचं म्हणजे, लेक नोकरीला लांब गेल्यापासून आमची वरची खोली रिकामी आहे. खिडकी पूर्वेला आहे. दुकानात काजं-बटणं आणि हातशिलाईचं काम असतंच, तुझ्यासारखा बारीक टाका इथे कोणाचा नाही. निवृत्तीचे पैसे बँकेत ठेवलेस तर व्याजावर तुझं सहज भागेल. मी आग्रह करत नाही. नुसतं लिहून ठेवतो.

हेल्मेट घे. दोन्ही बाजूंना पाहा. लोभ करतेस तसाच कर आणि वडीलकीचं थोडं ऐकत जा.

तुझा,
दादा

१० नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रातले चार-सहा महिने कुठून आले? मी माझं पत्र मनातल्या मनात पुन्हा वाचून पाहिलं, त्यात ते नव्हते. मी सहा वर्षं लिहिली होती. तू सायकलीची किंमत सांगायला बसलास आणि मी इथे किती दिवस टिकेन ते सांगून मोकळा झालास.

तेव्हा मीही स्पष्ट लिहिते. मला काम सोडायचं नाही. परवा एक भूगोलाचं पुस्तक आलं होतं, पाठ सुटलेली, मधली सोळा पानं उलटी लावलेली. कोणीतरी घाईत केलेलं काम. मी ते सगळं उसवलं, पुन्हा शिवलं, नवा पुठ्ठा चढवला. कपाटात ठेवलं की ते आणखी तीस वर्षं जाईल, आणि कोणाला कळणारही नाही की मधे काही झालं होतं. हे काम करताना मला दुसरं काही आठवत नाही. कुलपांच्या दुकानावरच्या या दोन खोल्याही मी स्वतःच्या पगारातून भाड्याने घेतल्यात, दारावर माझ्या नावाची पाटी आहे. तुझ्या खोलीची खिडकी पूर्वेला आहे हे खरं, पण पाटी तुझी आहे.

रागावू नकोस. तू आग्रह करत नाहीस असं लिहितोस तेव्हाच तो सगळ्यात जास्त असतो, हे मला लहानपणापासून माहीत आहे. मी विचारते ते एवढंच, की मी इथेच राहिले तर तुला फार वाईट वाटेल का?

लोभ कमी झालेला नाही, वाढवायला जागा आहे.

तुझी,
टाचणी

१२ नोव्हेंबर

प्रिय वन्सं,
स. न. वि. वि.

ह्यांच्या पत्राबरोबर चार ओळी लिहायच्या म्हणून थांबले होते, पण हे लिहीतच नाहीत. तुमचं पत्र खिशात घालून फिरताहेत. म्हणून मीच वेगळं लिहिते.

वरची खोली ह्यांनी गेल्या महिन्यातच रंगवून घेतली. म्हणजे तुमच्या बांधणी विभागाची बातमी यायच्याही आधी. मी विचारलं कशासाठी, तर म्हणाले भिंतीला ओल होती. त्या भिंतीला आजवर कधी ओल आलेली नाही.

खरं सांगायचं तर दुकानात आता कोणी येत नाही. सगळे तयार कपडे घेतात आणि पाय आखूड करायला तेवढे ह्यांच्याकडे आणतात. हे सकाळी कात्रीला तेल देतात, टेप गळ्यात घालतात आणि बसतात. संध्याकाळी तो टेप गळ्यात तसाच ठेवून जेवायला येतात, मीच काढून घेते. तुम्ही आलात तर दुकानात दोन माणसं दिसतील, असं ह्यांना वाटतं. तोंडाने म्हणणार नाहीत.

मी मात्र तुम्हाला याच म्हणणार नाही. तुम्ही इथे बटणं लावत बसलात तर महिन्याभरात तुमचं तोंड आंबट होईल आणि ते मला रोज बघावं लागेल. चांगली सायकल घ्या. कंजूषपणा करू नका. आणि ह्यांनाच घ्यायला सांगा, तेवढंच ह्यांच्या हाताला काम होईल.

हे पत्र लिहिल्याचं सांगू नका. लोभ आपला दोघींचा आपसात राहू द्या.

तुमची,
वहिनी

१४ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही, म्हणून मीच निर्णय घेतला. पाव पगार नाही आणि दोन पगारही नाहीत. मधली घ्यायची. पहिली घेतली तर मीच माझ्यावर विश्वास ठेवला नाही असं होईल, आणि तिसरी घेतली तर रोज रात्री तिला घरात उशाशी घेऊन झोपावं लागेल. एक पगार सोबत पाठवतेय.

पण घ्यायची तूच. रंग तुझ्या पसंतीचा, ठोकून-वाजवून बघायचं ते तुझ्या हाताने. अण्णांनंतर आपल्या घरात नवी वस्तू तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय आली नाही.

सायकलवाला म्हणतो पायाची आतली लांबी कळवा, त्याप्रमाणे सांगाडा लहान-मोठा मिळतो. भिंतीला पाठ लावून, दोन पायांत जाडजूड शब्दकोश धरून मी माप घेतलं. माझ्या घरी टेप आणि शब्दकोश दोन्ही असतात, म्हणून जमलं. साडेएकोणतीस इंच. तू एकदा तपासून मग त्याला दे.

माप घेताना अण्णा आठवले. ते आपल्यासाठी काहीही कापताना दोन बोटं जास्त सोडायचे, वाढत्या अंगाचं म्हणून. माझे झगे घोट्याला लागायचे, आणि ज्या दिवशी नीट बसायचे त्याच दिवशी फाटायचे.

शाळेत असताना मला तुझ्यामागे डबलसीट बसवून न्यायचास, तेव्हा तुला जेवढा लोभ होता तेवढा पुरे.

तुझी,
टाचणी

१८ नोव्हेंबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

सायकल घेतली. निळी आहे. चाकं फिरवून पाहिली, ब्रेक दाबून पाहिले. माप मी स्वतःच्या हाताने कागदावर लिहून दिलं आणि त्याने तसा सांगाडा काढून जोडून दिला. जोडलेली वस्तू परत घेत नाही म्हणाला, ते रीतसरच आहे. आज ट्रकने रवाना केली, तीन दिवसांत पोचेल. घंटा आणि दिवा माझ्यातर्फे.

आधीच्या पत्रात तू विचारलं होतंस त्याचं उत्तर सवडीने लिहीन. दुकानात काम आहे.

लोभ असू दे.

तुझा,
दादा

२२ नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

सायकल आली. रंग असा आहे की कुलपांच्या दुकानवालासुद्धा बाहेर येऊन बघून गेला. घंटेचा आवाज तर तुलाही ऐकू येईल. एकच अडचण आहे. मी तिच्यावर चढले की माझे पाय जमिनीला पोचत नाहीत.

सीट जाईल तेवढी खाली केली. तरी बोटांची टोकंही टेकत नाहीत. चढायला मी घराच्या पायरीवर उभी राहते, ते जमतं. पण उतरायलाही कुठेतरी पायरी लागते. काल मी चौकाला तीन चकरा मारल्या, थांबायला उंचवटा सापडेना म्हणून. बस-थांब्यावरच्या लोकांना वाटलं मी मिरवतेय. चौथ्या चकरेला फूटपाथ धरायला गेले आणि आडवी झाले. शेजारच्या पंक्चरवाल्याने उचललं, सायकल आधी आणि मला नंतर. म्हणाला, सायकल एक नंबर आहे, घरातल्या कोणाची आणलीत?

डावा घोटा मुरगळलाय. हाड धड आहे. पट्टी बांधून खुर्चीवर पाय ठेवून लिहितेय. आणि बसल्या बसल्या एकदम हसू आलं. दादा, मी माप घेतलं तेव्हा सवयीने दोन बोटं जास्त धरली होती! अण्णांची आठवण लिहिली आणि तेच करून बसले. आणि तूही तपासताना तुझ्या सवयीने आणखी दोन सोडली असणार. बावन्न वर्षांची बाई अजून वाढणार, असं आपण दोघांनी गृहीत धरलं. इतका हसण्यासारखा मूर्खपणा आपल्याच घरात होऊ शकतो.

आता हसू ओसरलंय. साहेबांनी त्या कागदाची आणखी एक प्रत घरी पाठवलीय, सोबत चिठ्ठी, की पायाची अशी अवस्था असेल तर दुसऱ्या चौकोनाचा विचार करायला हरकत नाही. तीस तारखेला आठ दिवस आहेत. एक पगार गेला. दुसरी सायकल घ्यायला हातात काही नाही. इतके दिवस मी ताठ होते, पण काल रस्त्यावर पडल्यावर वाटलं की तुझंच बरोबर असेल. पेन समोर आहे. खूण अजून केली नाही, पण बहुतेक करीन. खोलीची खिडकी पूर्वेला आहे म्हणालास ना?

लोभ असावा. आज तो खरंच हवा आहे.

तुझी,
टाचणी

२५ नोव्हेंबर

चि. टाचणीस,
अ. उ. आ.

त्या दुसऱ्या चौकोनात खूण करू नकोस. आधी हे पत्र पुरतं वाच.

माझ्या मापांच्या वहीत तुझं पान आहे. पायाची आतली लांबी अठ्ठावीस. पंचवीस वर्षांत ती बदललेली नाही. तू साडेएकोणतीस लिहिलंस तेव्हा मला तिथल्या तिथे कळलं, दोन बोटं तू घातलीस. मी हसलोसुद्धा. सायकलवाल्याच्या कागदावर मी अठ्ठावीस लिहायला हवं होतं. मी एकतीस लिहिलं. त्याने विचारलं, बहीण उंच आहे का. मी हो म्हणालो.

चाळीस वर्षांत मी कोणाचं कापड बिघडवलं नाही. पहिलं बिघडवलं ते तुझं. तेव्हा मी मनाला सांगितलं की सवयीने हात गेला. तसं नव्हतं. सायकल बसली नाही तर तू ती ठेवून देशील, खूण करशील आणि इकडे येशील, एवढाच माझा हिशेब होता. तू पडशील हे माझ्या डोक्यात आलं नाही. तुझं पत्र वाचून आधी, क्षणभर, मला बरं वाटलं. मग घोट्याची ओळ पुन्हा वाचली आणि स्वतःची लाज वाटली. ज्या पोरीची सीट धरून पळालो, तिला मीच पाडलं.

तू विचारलं होतंस, तू तिथेच राहिलीस तर मला वाईट वाटेल का. हो, वाटेल. दुकानात दिवसभर कोणी नसतं आणि मला भीती वाटते. पण ते माझं मला बघू दे. त्यासाठी तुझं काम जायला नको.

तुझा पगार मनीऑर्डरने परत पाठवतोय. निळ्या सायकलीचे पैसे माझे. विकून टाक, भंगारात दे, मला विचारू नकोस.

तुझ्या वहिनीला सगळं सांगितलं. ती दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, पण ताट ठेवल्याचा आवाज मलाही ऐकू येतो.

लोभ ठेव असं लिहायला आज हात धजत नाही.

तुझा,
दादा

३० नोव्हेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

राग आला. खोटं कशाला लिहू? तुझं पत्र मी फाडायला घेतलं होतं. पण माझ्या हाताला कागद फाडणं जमत नाही, आयुष्यभर उलटंच काम केलंय. एक कोपरा तेवढा गेला. तो रात्री खळ लावून पुन्हा चिकटवला, आणि चिकटवता चिकटवता राग बराचसा उतरला. थोडा आहे. तो समोर भेटल्यावर काढीन.

कागद आज साहेबांच्या हातात दिला. खूण पहिल्या चौकोनात. साहेबांनी माझ्या पट्टीकडे पाहिलं, मी त्यांना खिडकीतून खाली पाहायला सांगितलं. तिथे माझी सायकल उभी होती.

ती त्या पंक्चरवाल्याकडची. कोणीतरी बदली होऊन जाताना त्याच्याकडे टाकून गेलेली. मला नुसतं पाहून तो म्हणाला, ही तुम्हाला बसेल. टेप नाही, शब्दकोश नाही. बसले तर दोन्ही पाय जमिनीवर. रंग गंजाचा, चेन कुरकुरते, किंमत पाव पगार. म्हणजे शेवटी तुझाच सल्ला ऐकला, तेव्हा आता निदान त्या बाबतीत तरी तोंड वर करून बोल. आज पहिल्यांदा पूल ओलांडून गेले. चढावर दोनदा उतरले, तरी दुसऱ्या बसच्या आधी पोचले. मनीऑर्डर मिळाली. त्यातूनच ही घेतली. उरलेले परत पाठवणार नाही, वाट पाहू नकोस.

निळी विकलेली नाही आणि विकणारही नाही. ती जिन्याखाली आहे, कापड पांघरून. तू एकतीस लिहिलंस तेव्हा तुझ्या लक्षात आलं नाही, पण मला आलं. तुझ्या सगळ्या पँटींचे पाय दुमडून टाके मीच घालायचे. एकतीस इंच हे तुझं माप आहे, दादा. पंक्चरवाल्याला सीट वर करून ठेवायला सांगितलंय.

तेव्हा आता ऐक. नव्या इमारतीत पुठ्ठ्यांवर चढवायच्या कापडाचे बारा तागे येऊन पडलेत आणि सरळ कापणारं माणूस एकही नाही. साहेबांना विचारलं. महिनाभर रोजंदारीवर ठेवतील, पुढचं पुढे बघू म्हणाले. कात्री स्वतःची आणायची. दुकानाला महिनाभर कुलूप लाव, गिऱ्हाइकांना पाटी लिहून ठेव, वहिनींना घेऊन ये. दोन खोल्यांत तिघं मावतो. सकाळी आपण दोघं पुलावरून बरोबर जाऊ. चढावर माझी सीट धरायला तू लागशीलच.

काम अवघड नाही. एकच गोष्ट लक्षात ठेवायची. पुठ्ठ्यावरचं कापड आत दुमडावं लागतं, म्हणून ते चारही बाजूंनी दोन बोटं जास्त कापायचं असतं. तिथे तुझा हात हवा तेवढा जाऊ दे.

आणि लोभही तेवढाच जास्त असू दे.

तुझी,
टाचणी